ओठावरचा रबरबँड

आमच्या घरात पुडी बांधायला कधी दोरा लागला नाही. आप्पा जॉर्ज टाउनमधल्या रबरी मालाच्या एका घाऊक दुकानात पत्रव्यवहार बघायचे. नळ्या, बुचं, गरम पाण्याच्या पिशव्या असला माल तिथे यायचा आणि त्याबरोबर पोत्यांनी रबरबँड. कापताना वेडेवाकडे झालेले, कुठे जाड कुठे बारीक असे रबरबँड गिऱ्हाईक घेत नसे. ते आप्पा खिशात भरून घरी आणायचे. डाळीची पुडी, माझ्या वह्या, आईच्या वेणीचं टोक, सगळं रबरबँडनं बांधलेलं. मद्रासच्या उकाड्यात रबर लवकर चिकट होतं, त्यामुळे उन्हाळ्यात घराला त्याचा वास यायचा. शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या की मला त्या वासाची लाज वाटायची.

ती लाज तशी साधीच. खरी लाज पुढे वाट्याला आली, तीही रबरबँडपायीच. आता वय झालं, पुष्कळ गोष्टी विसरले, पण बाजारात एखादा दुकानदार पुडीवर रबरबँड ताणून चढवताना दिसला की अजून माझे कान तापतात आणि मी उगाच दुसरीकडे बघते.

आम्ही तंजावरकडचे मराठी. आपले वाडवडील राजाच्या मागून तिकडे गेले आणि परत यायचं विसरले, असं आप्पा म्हणायचे. घरात बोलायचो ती मराठी जुनाट, निम्मी तमिळमध्ये कालवलेली. आत्ता लिहिते आहे ती मराठी मी पुस्तकांतून शिकले, आणि थोडी एका नागपूरकर शेजारणीकडून. तिचे यजमान बदली होऊन मद्रासला आले होते. त्या शेजारणीला आमची सगळी तऱ्हा हळूहळू समजली, पण एक गोष्ट शेवटपर्यंत समजली नाही, ती म्हणजे एच्चिल. एच्चिल म्हणजे उष्टं, असं मी तिला सांगितलं तर ती म्हणाली, "मग उष्टं तर आम्हीही खात नाही." पण ते एवढ्यावर थांबत नाही. तोंडाला लागलेली वस्तू एच्चिल, त्या वस्तूला लागलेला हात एच्चिल, आणि तो हात जिथे लागेल तेही एच्चिल. कॉफीचा टंबलर उंच धरून घशात धार सोडायची, ओठ लागता कामा नये. जिभेनं चिकटवलेलं पाकीट आमची अत्या हातात घेत नसे. पान उलटताना बोट ओठाला लावलं म्हणून मी लहानपणी तिच्या चापट्या खाल्ल्या आहेत.

अत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. कोवळ्या वयात नवरा गेला आणि ती भावाकडे आली, ती कायमची. घरातलं सोवळंओवळं तिच्या ताब्यात होतं, आणि तसं बघितलं तर घरही. आई तिच्यापुढे बोलत नसे. आप्पा बोलायचे, पण हळू आवाजात.

अशा घरातून मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. करत होते. वर्गात आम्ही तिघीच मुली. बी.एस्सी.पर्यंत अत्यानं सहन केलं, त्याच्यापुढे मात्र तिची रोज कुरकुर सुरू झाली. शेवटी आप्पांनी मधला मार्ग काढला की शिक्षण चालू राहील आणि स्थळंही बघत राहायची. मग अड्यारचं एक स्थळ आलं. आमच्यातलेच लोक, मुलगा सरकारी खात्यात इंजिनियर, आणि मुलीनं परीक्षा देऊन मग लग्न केलं तरी त्यांची हरकत नव्हती. असं स्थळ पुन्हा मिळालं नसतं. अत्यानं त्याच दिवशी आप्पांना माझ्यासमोर बजावलं, "हें स्थळ वाचण्यामुळें मोडलं तर वाचणं बंद. सरी?" वाचणं म्हणजे आमच्या बोलीत शिकणं. आप्पा जरा थांबले आणि "सरी", म्हणजे बरं, म्हणाले. परीक्षेला काही महिने राहिले होते.

त्याच सुमाराला मला एन्ट्रॉपी कळली होती. हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. वेडेपणाचं ते होतंच, पण कुठून आलं ते तरी समजेल.

एन्ट्रॉपीची व्याख्या मी वर्षभर घोकत होते. उष्णता भागिले तापमान. गणितं सुटत होती, मार्क मिळत होते, आणि आपण काय सोडवतो आहोत ते कणभरही कळत नव्हतं. न कळलेली गोष्ट पाठ करायची वेळ आली की मला संताप येतो, आणि तो संताप मी वह्यांवर काढायची. एका दुपारी आमचे प्रोफेसर शिकवता शिकवता सहज म्हणाले की रबराचा तुकडा झटकन ताणून ओठाला लावून बघा, गरम लागेल. हाताच्या कातडीला कळणार नाही, ओठाला कळेल. एवढं बोलून ते फळ्याकडे वळले.

घरी येऊन मी परसात गेले आणि धुण्याच्या दगडामागे, अत्याच्या नजरेआड, वहीचा रबरबँड काढून ताणला. ओठाला लावला. खरंच ऊब लागली. तसाच ताणून थोडा वेळ धरला, मग एकदम सैल सोडला आणि पुन्हा लावला, तर गार. मी किती वेळा ते केलं मला आठवत नाही. मग हात धुतले, रबरबँडही धुतला, कारण काय केलं ते मला पक्कं ठाऊक होतं.

आणि तिथे, ओल्या दगडावर बसून, सगळं उलगडलं. रबराच्या आत कणांच्या लांबच लांब साखळ्या असतात, एकमेकींत गुंतलेल्या. वेणीतला एक लांब केस घ्या. दोन बोटांत ताणून धरला तर तो सरळच राहणार, एकाच तऱ्हेनं. तळहातावर टाकला तर किती तऱ्हांनी पडेल? मोजता यायच्या नाहीत. साखळ्यांचंही तेच. त्या सैल, वेड्यावाकड्या असायच्या तऱ्हा अगणित आणि सरळ असायच्या तऱ्हा थोड्या. त्या तऱ्हांचं माप म्हणजे एन्ट्रॉपी. ताणलेला रबरबँड सोडला की मागे येतो, तो मुख्यतः कुणी आतून ओढतं म्हणून नव्हे. साखळ्या सारख्या हलत असतात, आणि हलता हलता जिथे जास्त तऱ्हा तिथेच जाऊन पोचतात. झटकन ताणल्यावर साखळ्यांच्या मांडणीतली मोकळीक कमी होते, ती मग कणांच्या थरथरीत निघते, आणि आपल्या ओठाला ती ऊब म्हणून कळते.

मला तेव्हा रडू आलं. इतकी मोठी गोष्ट, आणि ती आमच्या घरातल्या पुडीपुडीवर गुंडाळलेली. आईला सांगावं म्हणून आत गेले, तर ती डाळ वाटत होती आणि अत्या तिच्या शेजारी बसली होती. सांगायचं राहून गेलं. पुढचे सगळे दिवस ते माझ्या तोंडाशी आलेलं होतं आणि ऐकायला कुणी नव्हतं.

पाहुणे आले ते रविवारी दुपार कलल्यावर. मुलगा, त्याची आई आणि त्याचे वडील. मधला दुवा म्हणून माझ्या आईचे मामा होते. रिवाजाप्रमाणे आईनं सोज्जी आणि बज्जी, म्हणजे शिरा आणि भजी, केली होती. मुलाचे वडील खुर्चीवर, बाकीचे जमखान्यावर. वडील शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, उंच, किडकिडीत, डोळे मात्र लहान मुलासारखे इकडे तिकडे फिरणारे. मुलाची आई जाड काठाची साडी नेसून ताठ बसली होती. मुलगा चष्मा पुसत होता. मी नमस्कार करून बसले आणि बज्जीची ताटली पुढे केली.

मग मुलाच्या आईनं रिवाजाप्रमाणे विचारलं, "गाणं म्हणशील काय?"

मला गाता येत नाही. दोनदा मास्तर लावले, दोन्ही मास्तर आपण होऊन गेले. मी मान खाली घालून बसले. अत्या घाईनं म्हणाली, "गाणं नाहीं तिला. वाचणं मात्र अस्की वाचती." अस्की म्हणजे सगळं; तिनं हे सावरून घ्यायला म्हटलं होतं.

मुलाच्या वडिलांनी लगेच खुर्ची पुढे सरकवली. "काय वाचतेस, सांग की. मलाहि कळाया होणा, असं सांग."

इतक्या दिवसांत मला हे कुणीच विचारलं नव्हतं. मी वर बघितलं. ते खरोखरच उत्तराची वाट बघत होते.

विड्याच्या तबकात पानांच्या जुडीला आप्पांचा रबरबँड होता. मी तो काढून घेतला. त्यांना म्हटलं की ह्याच्या आत साखळ्या असतात, गुंतलेल्या, आणि ताणलं की त्या सरळ होतात. "सरळ झाल्या म्हणजे काय होतं, बघा," असं म्हणून मी तो झटकन ताणला आणि माझ्या ओठाला लावला. "गरम लागतं." आणि हात पुढे करून रबरबँड त्यांच्या हातात दिला. एवढंच नव्हे, तर ते बोटांनी चाचपायला लागले तेव्हा मीच म्हणाले, "हाताला कळायचं नाहीं. ओठाला लावा."

त्यांनी लावला. न थांबता, न विचार करता, जसं मी केलं तसंच. त्यांचा चेहरा फुलला. "अरे, खरंच," ते म्हणाले, आणि मुलाकडे वळून त्यांनी रबरबँड त्याच्या हातात दिला. "तूंही बघ."

मुलानं तो घेतला. ओठाकडे नेता नेता त्याचं लक्ष आईकडे गेलं आणि हात मधेच थांबला.

त्याची आई एकच शब्द बोलली. "एच्चिल."

ती ओरडली नाही. खाली सांडलेलं दाखवावं तसं म्हणाली. मुलाच्या चिमटीत तो रबरबँड लोंबत होता. खिशात ठेवता येईना, जमखान्यावर टाकता येईना, मला परत तर देताच येईना. शेवटी त्यानं तो बज्जीच्या ताटलीत, उरलेल्या दोन बज्ज्यांच्या मधे ठेवला. मी त्या ताटलीकडे बघत राहिले. धरणीनं पोटात घ्यावं असं पुस्तकांत वाचलं होतं, पण आमच्या घरात शहाबादी फरशी होती आणि ती जागची हलली नाही.

आमच्याकडे लग्न झाल्यावर बायको नवऱ्याच्या पानावर जेवते. त्याचं उष्टं तिनं घ्यायचं असतं. मी अजून न झालेल्या सासऱ्याला माझं उष्टं तोंडाला लावायला दिलं होतं, आणि त्यांच्या हातून ते मुलापर्यंत पोचवलं होतं. उलटं ह्याच्यापेक्षा आणखी किती असू शकतं, ते अत्यालाही सुचलं नसतं.

वडील उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. "चूळ भरायला पाणी होणा," असं ते पुटपुटले. आप्पांनी त्यांना परसात नेलं आणि स्वतः विहिरीचं पाणी काढून त्यांच्या हातावर घातलं. आम्ही सगळे आत बसून त्यांच्या गुळण्या ऐकत होतो. आमच्या घरात परसातला आवाज पुढच्या खोलीत स्वच्छ येतो. एक गुळणी झाली की वाटायचं आता संपलं, आणि दुसरी सुरू व्हायची. त्यांची बायको मोजत असावी अशी बसली होती. माझी आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मी माझ्या हातांकडे बघत होते, कारण बघायला दुसरं काही उरलं नव्हतं.

आप्पा परत आले ते ओल्या हातांनी. ते हात त्यांनी तसेच जोडले आणि मुलाच्या आईपुढे वाकून म्हणाले, "लेकराला कांहीं कळत नाहीं. मनावर घेऊं नका."

माणसं गेली. विडा कुणी घेतला नाही.

मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली, हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. त्या गुळण्यांची वाटली. माझ्या तोंडातून निघालेल्या "ओठाला लावा"ची वाटली. पण आप्पांच्या त्या वाक्यानं झालं ते वेगळंच. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी कळलं होतं, आणि नेमकं तेव्हाच माझ्या बापानं परक्या माणसांपुढे हात जोडून सांगितलं की हिला काही कळत नाही. आणि त्यांचं खरं होतं, ह्याची सुद्धा लाज वाटली. साखळ्यांच्या तऱ्हा मला कळल्या होत्या, आणि समोर बसलेल्या चार माणसांच्या नव्हत्या.

अत्यानं ती ताटली चिमट्यानं उचलून परसात नेली. बज्ज्या कावळ्यांना, रबरबँड कुंपणापलीकडे. ताटली तिनं चिंचेनं आणि राखेनं घासली, धुतली, पुन्हा घासली. मला ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मी उलट बोलले असते आणि थोडी तरी वाफ गेली असती.

काही दिवसांनी मामा निरोप घेऊन आले. बाहेरच्या ओट्यावरच टेकले, पाणी प्यायले आणि आप्पांना म्हणाले, "मुलगी बरी आहे म्हणतात. पण मोकळी आहे जरा, म्हणून नको म्हणतात." मग आवाज खाली आणून त्यांनी पुढचं सांगितलं. घरी गेल्यावर मुलाच्या आईनं वडिलांना आंघोळ करायला लावली आणि जानवं बदलायला लावलं. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. त्या म्हाताऱ्या माणसानं माझ्यावर विश्वास ठेवून हात पुढे केला होता, आणि माझ्यापायी त्यांना स्वतःच्या घरात अवेळी विहिरीवर उभं राहावं लागलं. नकारापेक्षा मला तेच जास्त लागलं.

अत्यानं आप्पांना त्यांच्या शब्दाची आठवण करून दिली नाही. तशी गरजच नव्हती. आमच्या घरात बंदी घालायची पद्धत वेगळी होती. कॉलेजला जाऊ नको असं कुणी म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा दहीभाताचा डबा भरलेला नव्हता, इतकंच. तो रिकामा, पालथा, फळीवर होता. मी साडी बदलून आले, डबा बघितला, आणि परत आत जाऊन घरातली साडी नेसले. आई चुलीकडे तोंड करून काम करत राहिली. तिसऱ्या दिवशी मी साडी बदललीच नाही. आप्पा रोज सकाळी जॉर्ज टाउनला जायचे, संध्याकाळी यायचे, आणि माझ्याशी बोलायचं टाळायचे. जेवताना माझ्या पानाकडे त्यांचं लक्ष जायचं आणि ते पटकन नजर वळवायचे. त्यांना माझी लाज वाटते आहे हे मला उघड दिसत होतं. खिशातून रबरबँड आणणं त्यांनी थांबवलं. आई डाळीची पुडी सुतळीनं बांधायला लागली.

मी पुस्तक उघडायची आणि मिटायची. साखळ्या, तऱ्हा, हे शब्द दिसले की तोंडाची चव जायची. परीक्षेचा अर्ज भरायचे दिवस जवळ येत होते, आणि डबा अजून पालथाच होता.

संध्याकाळी अत्या देवळात पुराण ऐकायला जायची. अशाच एका संध्याकाळी आई वाटणाला बसली होती आणि मी वाळत घातलेले कपडे आणायला परसात निघाले. दारातच थबकले. आप्पा धुण्याच्या दगडावर बसले होते, माझ्याकडे पाठ करून. दुकानातून आलेले, अंगात शर्ट तसाच. त्यांच्या हातात रबरबँड होता. ते तो ताणत होते, सावकाश, तुटू नये म्हणून काळजीनं, मग जरा वेळ तसाच धरून त्याच्याकडे बघत होते आणि मग ओठाला लावत होते. मान हलवत होते. पुन्हा सैल करून पुन्हा ताणत होते.

मला इतकं चोरट्यासारखं झालं, जसं काही आप्पांना आंघोळ करताना मी बघितलं. मागे सरायला हवं होतं. पण ते चुकीचं करत होते. सावकाश ताणलं तर ऊब ताणता ताणताच निघून जाते, ओठाला काही लागत नाही. पोरीनं लोकांपुढे अब्रू घालवली ती घालवली, आणि वर ते खरं सुद्धा नव्हतं, असं त्यांना वाटलं असतं. ते मला सहन होईना.

मी म्हटलं, "आप्पा, हळूं ताणूं नका. झटक्यानं ताणा आणि लग्गेच लावा."

ते दचकले. हात मुठीत मिटून मांडीखाली घातला. शाळेत मास्तरांनी पकडल्यावर पोरं घालतात तसा. माझ्याकडे वळले नाहीत. मीही पुढे गेले नाही. शेजारच्यांच्या नारळावर कावळे ओरडत होते. आता हे उठून आत जाणार असं मला वाटलं.

मग त्यांनी मूठ काढली, रबरबँड झटकन ताणला आणि ओठाला लावला.

पुन्हा एकदा केलं. मग विहिरीकडे बघत त्यांनी विचारलं, "आणि सोडलं म्हणजे?"

"गार."

त्यांनी सोडून बघितलं. मान हलवली, ह्या वेळी वेगळी. "कां म्हणून?"

मी दारातूनच सांगितलं. केसाचं सांगितलं, साखळ्यांचं सांगितलं, तऱ्हांचं सांगितलं. मधेच मी चुकले, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "म्हणजे त्याला आंतून कोणी ओढत नाहीं?"

"फारसं नाहीं."

"जास्त तऱ्हा तिकडे, म्हणून तिकडे जातं."

"हो."

रबर विकणाऱ्या दुकानात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ते हातातल्या रबरबँडकडे बघत म्हणाले, "त्या दिवशीं मी त्यांना म्हटलं, लेकराला कांहीं कळत नाहीं म्हणून." आणि थांबले. पुढे काहीतरी येईल म्हणून मी वाट बघितली, पण पुढे काही आलं नाही. त्यांच्या मानेवरून, कानांवरून मला दिसलं की ते लाल झाले आहेत. इतके दिवस जी लाज मी माझी समजत होते, ती त्यांना स्वतःची वाटत होती. मी दोरीवरचे कपडे काढायला लागले आणि एकच टॉवेल तीनदा घडी केला.

ते उठले, विहिरीवर गेले आणि चूळ भरली. सवयीनंच. तो आवाज ऐकताना माझे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर डबा भरलेला होता. आई चुलीकडे तोंड करूनच उभी होती. डब्याशेजारी मूठभर रबरबँड ठेवले होते, नवे, सरळ कापलेले, विकायच्या मालातले. आप्पा पाटावर बसून कॉफी पीत होते. टंबलर नेहमीसारखा उंच धरलेला, ओठांपासून दूर, धार बरोबर घशात. अत्या समोर बसून भाजी चिरत होती.

कॉफी संपवून आप्पा मला म्हणाले, "वर्गांत दाखवलीस तर एकेकीला एकेक वेगळा दे. एकीचा दुसरीला नको."

अत्यानं चिरणं थांबवलं. तिनं डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग आप्पांच्या हाताकडे. टंबलर खाली ठेवताना त्यांच्या शर्टाची बाही वर सरकली होती. मनगटावर एक रबरबँड होता, वेडावाकडा कापलेला, ताणून ताणून सैल झालेला. आदल्या संध्याकाळचा. तो कशाला लागला होता ते अत्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला सांगावं लागत नसे.

"एच्चिल आहे काय तें?" तिनं विचारलं.

"हो, अक्का," आप्पा म्हणाले. नेहमीसारखं हळू.

त्यांनी तो काढला नाही. हाताची बाही खाली ओढली नाही. तसेच उठले, चपला घातल्या आणि कामावर गेले. मला वर बघवेना. मी डबा उचलला, रबरबँड पिशवीत टाकले आणि त्यांच्या मागून बसस्टॉपपर्यंत चालत गेले, चार पावलं अंतर ठेवून.